रकाना क्रमांक चौदा

जनरेटरला लागून माझी खोली.
दुपारी वीज गेली की टेबल थरथरतं
आणि शिक्का जरा तिरका उमटतो:
‘मूळ प्रत पाहिली.’

बावीस वर्षं मूळ प्रती पाहतोय.
पदवी ट्यूबलाइटसमोर धरतो, जलचिन्ह शोधतो,
भोपाळला पत्र, जबलपूरला फोन.
तिकडचा बाबू म्हणाला एकदा,
रजिस्टर वाळवीनं खाल्लं, भिया,
पण पोरगा पास झाला होता, चेहरा आठवतो मला.
चेहऱ्यावर शिक्का मारता येत नाही.
ती फाइल अजून कपाटावर आहे.

लोकांना वाटतं, डॉक्टर ठेवायचा म्हणजे
साहेबांनी चहा पाजला, हात मिळवला, झालं.
कशाला हात लावायचा नि कशाला नाही,
याची ओळीओळीनं यादी असते.
गुडघा चालेल, मणका नाही.
इतकी स्पष्ट यादी मला लग्नात मिळाली असती तर,
असं ही म्हणते.

श्रावणात फाइल आली: डॉक्टर सकीना राजगढवाला.
सियागंजात वडिलांचं हार्डवेअर,
बाईंच्या रिद्याला बारीक जाळीची किनार,
फाइलीला मात्र दुकानातली सुतळी.
माझ्या वहीत मी मराठीतच टिपतो,
म्हणून लिहिलं: भूलतज्ज्ञ.
पुष्पेंद्र खांद्यावरून वाकून हसला,
‘भूल? मतलब गलती की एक्सपर्ट?’
म्हटलं, बाबा रे, आमच्यात भूल होते, भूल पडते,
आणि भूल देतातसुद्धा.
तो चहा सांगायला गेला.

रकाना चौदा.
आपल्या हातून रुग्णाला इजा झाल्याची घटना?
हा रकाना आल्यापासून दोनशे अकरा अर्ज,
दोनशे अकरा वेळा ‘नाही’.
काहींची तर नुसती आडवी रेघ.
बाईंनी लिहिलं होतं:
हो. एक. पान जोडलं आहे.

पान हातानं लिहिलेलं.
मुलगा, वय सहा, वजन सतरा किलो, टॉन्सिल.
नळी अन्ननलिकेत गेली.
मला कळायला चार मिनिटं लागली.
तो वाचला. बोलणं जड आहे.
पुढे अकरा महिने मी काम केलं नाही.
आता पडद्यावर श्वासाची रेघ उमटून
सहा वेळा चढून उतरेपर्यंत
सर्जनला सुरी उचलू देत नाही.
त्याबद्दलची तक्रारही सोबत आहे.

अर्ध्या तासाची बैठक दीड तास चालली.
वकील काय म्हणेल, एकानं विचारलं.
दुसरे म्हणाले, हे लिहायला हिला सांगितलं कुणी?
मग कचोरी आली, हात तेलकट झाले,
कागद पुढे सरकवायला कुणी तयार होईना.
शेवटी ठरलं: सहा महिने, वरिष्ठाच्या नजरेखाली,
लहान मुलांचं नंतर पाहू.
खाली चार सह्या, एक पेन्सिलीनं.

डॉक्टर ताटके बैठकीत एक अक्षर बोलले नव्हते.
सत्तरी उलटलेली, अर्ध्या इंदुराचे अपेंडिक्स
त्यांच्या हातून गेलेले.
दर दोन वर्षांनी त्यांची फाइल मीच नवी करतो,
चौदाव्यासमोरचं ‘नाही’
मागच्या प्रतीवरून मीच उतरवतो,
ते खाली सही करतात.

संध्याकाळी सहाला ते माझ्या दारात.
‘माझा फॉर्म काढा जरा.’
काढला.
खुर्ची ओढून बसले, पेनचं टोपण उघडलं,
परत लावलं.
जनरेटर बंद झाला तसं भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं.
मी कपाटाकडे तोंड करून
नसलेली फाइल शोधत राहिलो.

‘अठ्ठ्याऐंशी साली,’ मागून आवाज आला,
‘अधिक ज्येष्ठ होता ना हो?
बाई म्हणाली होती, अधिकात नको ऑपरेशन.
तारीख आठवत नाही.’

जुनं पंचांग बघावं लागेल, मी म्हटलं.
‘बघा,’ ते म्हणाले. ‘मी थांबतो.’